वेलीला तिघींचं पाणी

आमच्या बोरगावच्याच एका सुनेला गेल्या महिन्यात छातीचा आजार निघाला. तिची सासू माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तू बरी झाली, तं इले दोन गोष्टी सांग." मी गेले. सुया दुखतात पण सोसतात, पुड्या कडू असतात पण गिळाव्याच लागतात, दूध-अंडी नाक दाबून घ्यावीत, असं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिची नजर अंगणात होती. अंगणात तिची जाऊ हिच्या लेकराला आंघोळ घालत होती. ती नजर मी ओळखली. घरी येऊन मास्तरांची एक कोरी वही घेतली आणि लिहायला बसले. मास्तर म्हणजे माझे यजमान, प्राथमिक शाळेत शिकवतात. मी सातवी पास आहे, तेव्हा भाषेचं सांभाळून घ्या.

ताप, खोकला, वजन यांचं डॉक्टर सांगतातच. हेव्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आजारी माणूस सोसून सोसून भला होतो असं लोकांना वाटतं. मी तर त्या वर्षात इतकी जळकी झाले होते की आज लिहितानाही कान गरम होतात. पण लिहिणार आहे.

फोटो काढला तो दिवस

आम्ही धर्म बदलून बौद्ध झालो, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. हिवाळाभर खोकला होता. गूळ-हळद, अडुळसा, सगळं झालं. मग एक दिवस भांडी घासताना खोकला आला आणि राखेत लाल थेंब पडले. मी ते राखेनेच झाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले, तेव्हा सासूबाईंनी पाहिले.

वर्धा आमच्या गावाला लागूनच आहे, पण तेवढंही चालवत नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांची रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, मागून घेतली. मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो काचेवर लावला आणि क्षय आहे म्हणाले. मग विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"मुलगी आहे, दोन वर्षांची," मी म्हणाले.

"आता तिला जवळ घ्यायचं नाही. मुका घ्यायचा नाही, ताटात जेवू घालायचं नाही. वर्ष तरी लागेल. तिचं कोण करेल?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "हिची धाकटी बहीण आहे ना, शांता. आष्टीला असते, हिच्या माहेरी."

क्षय म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. माझी एक चुलती त्यातच गेली होती. तरी त्या क्षणी मरणाची भीती नंतर आली. आधी डोक्यात आलं ते हे, की शांताचं नाव यांच्या तोंडी इतक्या लवकर कसं आलं? मी बसले आहे अजून इथे. विचार तरी करायचा होता थोडा.

घरी आलो तेव्हा मंदा दारातून धावत आली. मी हात पुढे करून म्हणाले, "थांब." ती थांबली. पोरगी शहाणी होती, म्हणून थांबली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

दवाखाना

दोन महिने मी दवाखान्यात होते. पहाटे थर्मामीटर, मग दूध, मग सुई, मग झाकणाचा डबा, ज्यात थुंकायचं. दुपारी चारला पुन्हा थर्मामीटर. सगळ्या वॉर्डाचा जीव त्या चारच्या पाऱ्यात असायचा. बाजूच्या खाटेवरच्या बाईचा ताप उतरला की सगळ्या तिला म्हणायच्या, "बरं झालं बाई." मीही म्हणायची. आणि उशीवर तोंड वळवून मनात म्हणायची, हिचा उतरला, माझा का नाही?

एक खाट एका सकाळी रिकामी दिसली. गादी उन्हात टाकलेली होती. त्या दिवशी मी दोन्ही अंडी खाल्ली.

चांगलंही होतं. झाडूवाली बाई होती, ती तोंडावर पदर न धरता माझ्या खाटेवर बसायची आणि माझी वेणी घालायची. माझे सगे दोन हात लांब उभे राहत होते तेव्हा. तिचा हात मानेला लागला की रडू यायचं.

रविवारी मास्तर आणि शांता भेटायला येत. शांता एकोणीस वर्षांची, भरल्या हाताची, खळखळून बोलणारी. पहिल्याच रविवारी ती माझं हिरवं लुगडं नेसून आली. "माह्यं धुवाले टाकलं होतं, बाई, म्हनून तुह्यं नेसली," असं तिने आल्या आल्या सांगितलं. मी म्हणाले, "नेस ना, मले काय करायचं हाये आता." तिचा चेहरा उतरला. मला ते आवडलं.

वॉर्डाच्या खिडकीत सिस्टरने एक वेल लावली होती. हृदयासारख्या पानांची, हिरव्यात पिवळे शिंतोडे असलेली. तिचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, नुसती वेल म्हणायचो. मी दोन महिने त्या वेलीखाली झोपले, मला सिस्टरने कधी पान दिलं नाही. शांता चार रविवार आली आणि पाचव्याला सिस्टरने तिला एक कांडी तोडून दिली. वर माझ्यासमोर सगळं समजावून सांगितलं: थेट ऊन नको, उजेड हवा. बोट मातीत घालून बघ, कोरडं लागलं तरच पाणी घाल. जास्त पाण्याने मुळं कुजतात. तेवढं सांभाळलं तर ही मरत नाही, घरात कुठेही ठेव.

मरत नाही म्हणे. मी खाटेवरून ऐकत होते.

देवाची खोली

घरी आणलं तेव्हा मला पुढची लहान खोली दिली. ती पूर्वी देवाची होती. धर्म बदलला त्या वेळी मास्तरांनी घरातले टाक आणि मूर्ती एका फडक्यात बांधून धाम नदीत सोडले होते. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. भिंतीतली देवळी मात्र रिकामी राहिली होती. शांताने टिनाच्या डब्यात माती भरून वेल लावली आणि डबा त्या देवळीत ठेवला. "बाईले पाहाले काही तरी पाह्यजे," म्हणाली. मला ती बाई म्हणते. डब्याला तिने भोक पाडलं नाही, कारण पाणी गळून सारवलेली भिंत ओली झाली असती.

माझं ताट वेगळं, पेला वेगळा, लोटा वेगळा. मंदा उंबऱ्यापर्यंत येऊ शकत होती, आत नाही. उंबऱ्यावर बसून ती मला चिंचोके दाखवायची, शेणाच्या गोवऱ्या मोजायची. दिवसातला तो अर्धा तास. बाकी दिवसभर मी आणि ती वेल समोरासमोर.

वेल भराभर वाढली. आठ दिवसांत नवं पान. आधी सुरळी, मग उलगडायची. महिन्याभरात ती देवळीतून खाली लोंबायला लागली. माझं वजन मात्र जिथल्या तिथे. कापसाच्या गाड्या जाऊन रस्त्याची धूळ आत यायची, म्हणून शांता दर दोन दिवसांनी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. किती जपून पुसायची. मी पडल्या पडल्या पाहायची आणि मनात म्हणायची, माझं तोंड कुणी असं पुसलं का? खरं सांगायचं तर शांताच पुसत होती, रोज सकाळी. पण ते मला तेव्हा आठवत नव्हतं.

मग एक दिवस अंगणात मंदा पडली. रडत उठली आणि "माय" म्हणत धावली. मी खाटेवर उठून बसले. ती शांताकडे गेली. शांताने "आली वो माह्यी बाय" म्हणून तिला उचलली. आधी मंदा तिला मावशी म्हणायची.

त्याच आठवड्यात शेजारची सखूबाई आली. ती ओसरीवर सासूबाईंशी बोलत होती, मला ऐकू येत नाही असं समजून. आमच्यात बायको गेली तर तिच्या बहिणीला घरात आणायची चाल आहे, पोरांना परकी माय येऊ नये म्हणून. सखूबाई म्हणाली, "तुमचं तं बरं हाये. झालंच काही कमीजास्त, तं पोरीची माय घरातच हाये."

सासूबाई म्हणाल्या, "हं."

एवढंच. नाही म्हणाल्या नाहीत. मी भिंतीकडे तोंड केलं. स्वयंपाकघरातून मास्तरांचं हसू आलं, शांता काही तरी सांगत होती. मास्तर माझ्या खोलीत आले की हसत नसत. थर्मामीटर पाहत, पुड्या मोजत आणि "आराम कर" म्हणत. माझी खात्रीच झाली की मी अजून आहे म्हणून सगळ्यांची पंचाईत झाली आहे. माझी जागा भरलेली होती, फक्त मी उठायचं बाकी होतं.

मी काय केलं

शांताला मी काही करू शकत नव्हते. तिच्या वेलीला करू शकत होते. सिस्टरचं बोलणं माझ्या चांगलं लक्षात होतं. रोज दुपारी सगळे झोपले की मी उठायची, भिंतीला धरून देवळीपर्यंत जायची आणि माझ्या लोट्यातलं अर्धं पाणी त्या डब्यात ओतायची. मग येऊन झोपायची. चालण्याची मनाई होती. धाप लागायची. पण तेवढं करून आलं की जी गाढ झोप लागायची, ती औषधाने लागत नव्हती.

पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली. शांता वाकून वाकून पाहू लागली. "काऊन असं होऊन राह्यलं?" म्हणायची. बोट मातीत घालायची आणि म्हणायची, "मी तं चार दिवसांत टाकलंच नाई, मंग ओलं काऊन हाये?" मी डोळे मिटून घ्यायची. मला इतकं सुख झालं होतं की ताप असेल तर तो त्याचाच असेल.

मग सखूबाई पुन्हा आली. उंबऱ्याबाहेरून तिने वेल पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. ओसरीवर जाऊन म्हणाली, "पाह्यलं का, इच्या श्वासानं झाड जळून राह्यलं. झाडाचं असं, तं उंबऱ्यावर बसते त्या लेकराचं काय?"

मास्तर शिकलेले. त्यांनी आधी तिला झटकलं. पण बापच ते. संध्याकाळी दारात उभे राहून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मंदी काही दिवस आष्टीले राहू दे. शांता नेईल. तुले सुधारलं का मंग आनू."

मी म्हणाले, "किती दिवस?"

"दिवाळीपर्यंत पाहू."

दिवाळी पाच महिने लांब होती. पाच महिन्यांनी मंदा मला ओळखणार नव्हती. आणि पाच महिने मी टिकेन याची खात्री मलाच नव्हती. म्हणजे तो अर्धा तासही गेला, आणि तो मीच घालवला, अर्ध्या अर्ध्या लोट्याने.

खरं बोलले तर सगळे काय म्हणतील? आजारी बाईने बहिणीचं झाड मारलं. आजाराची दया येते, याची किळस येते. मी त्या संध्याकाळी काही बोलले नाही. दुसऱ्या सकाळीही बोलले नाही. रेंगी दारात लागली, मंदाच्या डोक्याला तेल लावून झालं, तिचे दोन झगे पिशवीत गेले, तरी माझं तोंड उघडेना. शांता तिला घेऊन उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, "मायले राम राम कर." मग चुकीचं बोलल्यासारखी थांबून म्हणाली, "जयभीम कर." मंदाने हात जोडले. कुणा पाहुण्याला करतात तसा नमस्कार होता तो.

"थांबा," मी म्हणाले. "झाड माह्या श्वासानं नाई मेलं. मी पानी टाकत होती. रोज दुपारी. मुद्दाम."

मास्तरांना कळलंच नाही. "काऊन?" म्हणाले.

"शांताचं होतं म्हनून."

शांताने मंदाला खाली ठेवलं. मी वाट पाहत होते की आता ती ओरडेल. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "इनं एकटीनं नाई मारलं. म्या बी टाकत होती. सकाळी."

मास्तर चमकले. "तू काऊन टाकत होती?"

"सवय हाये बापा. लग्न होऊन आली तवापासून आंग धुतलं का त्या देवळीत पानी टाकते. तू देव नेले. हात कुठी नेशीन? देवळीत झाड दिसलं, तं झाडाले टाकलं. तू मास्तर मानूस, तुले सांगितलं असतं तं तू रागावला असता."

"आनि मागत कोनाले होती?" मास्तरांनी विचारलं. रागाने नव्हे.

"कोनाले नाई. नुसतं म्हनत होती, इले राहू दे."

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यांनी माझ्याबद्दल बरा शब्द काढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी रडायला लागले आणि मग खोकला आला, आणि सगळ्यांची धावपळ झाली, आणि त्या गडबडीत रेंगी परत गेली.

नंतर

मंदा राहिली. मास्तर दवाखान्यात विचारून आले. डॉक्टर म्हणाले, उंबऱ्याबाहेर, मोकळ्या हवेत, मुलीने बसायला हरकत नाही. झाडाचं ऐकून ते हसले म्हणे. सखूबाईला मात्र मास्तरांनी ओसरीवर बसू दिलं नाही काही दिवस.

शांताने डबा उपडा केला. मुळं काळी पडली होती, त्यांना वास येत होता. तिने वरच्या दोन बऱ्या कांड्या कापल्या, बाटलीत पाणी भरून त्यात ठेवल्या आणि बाटली माझ्या खाटेशी आणून ठेवली. "आता तूच सांभाळ," म्हणाली. रागावली होती. आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तोंड मात्र रोज सकाळी पुसत होती.

पंधरा दिवसांत कांड्यांना पांढरी मुळं फुटली. डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली तेव्हा मी कांड्या डब्यात लावल्या, या वेळी खिळ्याने भोकं पाडून. बोट मातीत घालून पाहायला शिकले. कोरडं लागलं तरच पाणी. सासूबाईंना सकाळी चमचाभर टाकायची परवानगी दिली. बाकीचं पाणी त्या अंगणातल्या तुरीला टाकू लागल्या.

हेवा गेला का? नाही. तुम्ही आजारी असाल तर तुमचाही जाणार नाही, उगीच स्वतःला दोष देत बसू नका. फक्त त्याला एकट्याने पोसू नका, कुणाला तरी सांगा. मी सांगितलं तेव्हा माझी खोली जरा मोठी झाली.

दिवाळी झाली, हिवाळा गेला. फोटोत डाग वाळलेले दिसले. वर्ष होऊन वर दोन महिने झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घ्या आता मुलीला."

मी घरी येऊन हात पुढे केले. मंदा शांताच्या लुगड्यामागे लपली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. आठव्या दिवशी शांताने आपली पिशवी भरली. जाम गावच्या एका मुलाचं स्थळ आलं होतं, आष्टीला बोलावणं होतं. पण ते बोलावणं पुढच्या महिन्याचं होतं, हे मला ठाऊक होतं.

मंदा अंगणात खेळत होती. शांता माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, एक सांगते. आत्यानं, तुह्या सासूनं, मले इचारलं होतं. तुले कमीजास्त झालं तं राहशीन का इथं म्हनून. भाऊजीले ठाऊक नाई."

"मंग?" मी विचारलं.

"मी हो म्हनलं होतं."

ज्या सासूबाई सकाळी माझ्यासाठी पाणी टाकत होत्या, त्यांनीच दुपारी हे विचारलं असणार. मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. शांताचा आला. छातीत काही तरी पेटलं, वर्षभर जळत होतं तेच.

"मंदीसाठी म्हनलं," शांता म्हणाली. "तिले दुसऱ्या कोनाच्या हातात कशी देऊ?" मग म्हणाली, "आता तुह्या हातात देऊन राह्यली, तं तेही जमून नाई राह्यलं मले."

मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. मी तिची पिशवी उचलली आणि रेंगीत ठेवली, आणि माझं हिरवं लुगडं आणून त्या पिशवीत कोंबलं. रेंगी निघाली तेव्हा शांताने मागे वळून पाहिलं नाही.

मंदाच्या लक्षात आलं ते रेंगी वळणावर गेल्यावर. ती "माय, माय" करत रस्त्यापर्यंत धावली, तिथे बसून धुळीत लोळली, सासूबाईंनी उचलली तर त्यांना चावली. मी तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. बोलावलं नाही, हात लावला नाही. दुपार कलेपर्यंत ती रडली. मग थकली, सरकत सरकत आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून, शांतालाच हाका मारत झोपली. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. सासूबाई दोनदा म्हणाल्या, आत आन तिले. मी हलले नाही.